एक मीटर माळ

माळावर जायचं तर कार्तिकात जावं, आणि सकाळी. पाऊस संपून महिना झालेला असतो, गवत पिकून तांबूस-पिवळं झालेलं असतं, उन्हाला अजून धार चढलेली नसते. माळ कुठलाही चालेल. सुपे-मोरगावचा, दहिवडीचा, सोलापूरजवळच्या नान्नजचा, नाहीतर तुमच्या गावचं गायरान. सोबत पाणी, चार खुंट्या, सुतळी आणि एक वही घ्या. जागा निवडत बसू नका. पाठमोरं उभं राहून मागं एक खडा टाका. तो पडेल तिथं एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौरस आखा, खुंट्या ठोका, सुतळी ताणा. मग त्याच्या कडेला मांडी घालून बसा. आज याच्या पलीकडं कुठं जायचं नाही.

असे चौरस आखायची रीत सव्वाशे वर्षांची आहे. अमेरिकेत नेब्रास्काच्या गवताळ मैदानांवर रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स हे दोन तरुण वनस्पतींची पाहणी करत होते. कुठली वनस्पती किती, हे आधी नजरेच्या अंदाजानं ठरायचं. मग त्यांनी जमिनीवर चौरस आखून एकेक रोप मोजलं, तेव्हा अंदाज आणि मोजणी यांचा मेळच बसेना. १८९८ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. नजर उंच, रंगीत, ठळक गोष्टींकडं धावते आणि जे जमिनीलगत आहे, बारीक आहे, वाळलेलं आहे, त्याच्यावरून सरकून जाते. सुतळीनं आखलेला चौरस नजरेला तसं जाऊ देत नाही.

पहिली काही मिनिटं तुम्हाला नुसतं गवत दिसेल. दिसू द्या. घाई करून नावं शोधू नका. श्वास आपसूक मंदावेल, मागच्या रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज लांब जाईल. मग केव्हातरी एका रंगाचे दोन रंग होतील. एका जागी काड्या जाड आणि सरळ आहेत, दुसरीकडं बारीक आणि मुडपलेल्या. एक काडी मुळाशी धरून हलकेच वाकवा आणि पेराकडं पाहा. पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं असेल तर ते मारवेल. गुरांना आवडणारं, दुधाला चांगलं, जुनी माणसं ज्याचं नाव काढलं की समाधानानं मान हलवतात ते हे गवत. शेजारी एकच लांब कणीस असलेला शेडा असेल. काळपट तपकिरी कुसळांची वेणी गुंफल्यासारखी दिसली तर ती कुसळी. त्यांच्या मधल्या फटींत जमिनीला चिकटलेली, वाळून गेलेली कडधान्याच्या कुळातली लहान रोपं, एखादं तरवडाचं बाळरोप. वहीत लिहा. नाव माहीत नसलं तर 'केसाळ', 'तीन कुसळांचं', 'लाल देठाचं' असं काहीही लिहा. वेगळेपण नोंदलं गेलं की पुरे.

आता कुसळीचा एक दाणा तोडा. दाण्याचं टोक सुईसारखं आहे आणि त्यावर मागं वळलेले ताठ केस आहेत. वरचं कुसळ बोटभर लांब, मधेच वाकलेलं, आणि खालचा भाग दोरीसारखा पिळलेला. ते तळहातावर ठेवा आणि पिळावर पाण्याचा थेंब सोडा. काही क्षण काहीच होणार नाही. थांबा. मग कुसळाचं लांब टोक हळूहळू वळायला लागेल, घड्याळाच्या काट्यासारखं, पण डोळ्याला दिसेल इतक्या वेगानं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. दवानं, पहिल्या पावसानं, मधल्या उन्हानं हे कुसळ असं वळत राहतं आणि दाण्याचं टोक मातीच्या भेगेत शिरत जातं. मागं वळलेले केस त्याला उलट येऊ देत नाहीत. बियाणं स्वतःला पेरतं. वणवा वरून निघून जातो तेव्हा आत गेलेला दाणा वाचलेला असतो.

धनगराला हे वळण दुसऱ्या बाजूनं माहीत आहे. हेच कुसळ लोकरीतून आत शिरून मेंढीची कातडी फोडतं. म्हणून कुसळी कोवळी असताना चारायची आणि पिकली की कळप दुसरीकडं वळवायचा. एका दाण्याच्या पिळावर एका माणसाच्या चालण्याची दिशा ठरते. हे मनात थोडा वेळ राहू द्या.

मग गवताचं एक ठोंब दोन्ही हातांनी फाकवा आणि अगदी बुडाशी पाहा. झाडाची वाढ शेंड्याला होते. शेंडा खाल्ला की ती फांदी तिथं अडते. गवताचं पान मात्र बुडाकडून वर ढकललं जातं. वाढीची जागा जमिनीलगत, जुन्या पानांच्या आवरणात जपलेली असते. गुरानं वरचं खाल्लं तरी खालून नवं येत राहतं. चरणारं जनावर आणि गवत यांचा संबंध शिकार आणि शिकारी असा सरळ नाही, लाखो वर्षं ही दोघं एकमेकांच्या सोबतीनं घडली आहेत. पण या सोबतीला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा आपल्याला दिसत नाही, कारण ती जमिनीखाली आहे.

तिथं मनानं उतरा. नेब्रास्कातच जॉन वीव्हर नावाचे शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मैदानात माणूसभर खोल चर खणायचे आणि चराच्या भिंतीत उघडी पडलेली मुळं एकेक करून कागदावर उतरवायचे. कंबरेएवढ्या गवताची मुळं माणसाच्या उंचीहून खोल गेलेली त्यांना सापडली. आपल्या माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो, मग मुळं आडवी पसरतात, मुरमाच्या फटी शोधतात. तरी तत्त्व तेच. माळाचं निम्मं, कित्येकदा निम्म्याहून जास्त आयुष्य डोळ्यांआड चालतं. वणव्यात, दुष्काळात, चराईत वरचं जातं. खालचं राहिलं तर माळ राहतो. गवताळ जमिनीनं हवेतून घेतलेला कार्बनही मुख्यतः तिथंच साठतो, आगीच्या हाताबाहेर.

१९५५ मध्ये फ्रँकलिन क्रायडर या अमेरिकी संशोधकाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी गवताची पानं वेगवेगळ्या प्रमाणात कापली आणि मुळांकडं लक्ष ठेवलं. निम्म्यापर्यंत पाला काढला तर मुळांची वाढ जवळजवळ सुरूच राहिली. पाचातले चार हिस्से काढले तर मुळं वाढायचीच थांबली, आणि कितीतरी दिवस थांबून राहिली. कुरण राखण्याच्या शास्त्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. गवत वर हिरवं दिसत असतानाही खाली उपाशी असू शकतं. पुन्हा पुन्हा, थोड्या थोड्या दिवसांनी ते बुडापर्यंत खाल्लं गेलं तर मुळं आखूड होत जातात, आणि मग एका उन्हाळ्यात ठोंब उठतच नाही. नुसती गुरांची संख्या मोजून हे कळत नाही. एकदा खाल्ल्यावर त्या ठोंबाला किती दिवस मोकळे मिळाले, हे विचारावं लागतं.

आपल्याकडं हे विचारलं जात होतं. पावसाळा लागला की गावाचा एखादा डोंगरउतार राखायचा, दसरा-दिवाळीपर्यंत तिथं गुरं सोडायची नाहीत, मग कापणी करून पेंढ्या बांधायच्या, गंजी रचायची. मेंढपाळांची वाट वेगळी होती. पावसाळ्यात माळावर, दिवाळीनंतर वाडे हलायचे, कुणी कोकणात उतरायचं, कुणी काळ्या रानात. तिथं शेतकरी मेंढरं रात्री शेतात बसवून घेत, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य देत. कळप रोज पुढं सरकत असल्यानं कुठल्याही जागेवर लगेच दुसरा घास पडत नसे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८०च्या आसपास धनगर समाजाच्या या राहणीचा अभ्यास करून ती परिसराशी कशी जुळलेली आहे हे दाखवलं. हटकर धनगर मेंढ्या घेऊन कोरड्या माळावर, गवळी धनगर म्हशी घेऊन सह्याद्रीच्या पावसाळी माथ्यावर. एकाच प्रदेशात राहून त्यांचे माळ वेगळे होते.

आज माळ उरलाय तुकड्यातुकड्यांत. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहत, तिसऱ्या बाजूला प्लॉटिंगचे दगड. कळप सरकणार कुठं? तो त्याच तुकड्यावर लवकर परततो, आणि मग आपण म्हणतो की मेंढरांनी माळ खाल्ला. हा आरोप अर्धवट आहे. चराई जास्त होते हे खरं, पण तिच्याआधी माळ कमी झालेला असतो.

तुमच्या चौरसाकडं परत या. हा इतिहास त्यात वाचता येतो. दख्खनच्या माळाचं मूळ गवत शेडा आणि मारवेल यांच्या गटातलं. पी. एम. दाबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतभरच्या गवतांचे पाच मोठे गट पाडले, त्यातला हा एक. चराईचा ताण वाढला की शेडा मागं हटतो आणि कुसळी पुढं येते. ताण आणखी वाढला की कुसळीही हटते, तीन कुसळांची अरिस्टिडा प्रजातीची काटक गवतं आणि पावसापुरती उगवून मरणारी बारीक गवतं उरतात. तुमच्या वहीत काय आलंय ते पाहा. कुसळीच कुसळी असेल तर या जागेनं बरंच सोसलंय, पण अजून ती उभी आहे. शेडा आणि मारवेल दोन्ही सापडले असतील, त्यांच्या मधे दहा-बारा वेगळी रोपं असतील, तर तुम्ही फार चांगल्या जागी बसला आहात. अशा विविधतेचा उपयोगही मोजला गेला आहे. मिनेसोटात सीडर क्रीक इथं डेव्हिड टिलमन यांच्या वाफ्यांवर १९८८चा दुष्काळ येऊन गेला, तेव्हा जास्त जातींच्या वाफ्यांत उत्पन्न कमी घटलं. कुणीतरी एक जात तग धरून असते.

आता काळाकडं वळूया. माळाबद्दल एक समजूत पक्की बसली आहे की इथं पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसानं ते तोडलं, गुरांनी रोपं खाल्ली आणि हे उजाड रान मागं राहिलं. काही जागी तसं झालंही असेल. पण या चौरसात बसून थोडं मागं जा.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिजदुरा नावाचं गाव आहे. तिथं डायनासोरच्या विष्ठेचे अश्म सापडतात. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले, तेव्हा आत गवताच्या पानांत तयार होणारे गारेचे सूक्ष्म कण मिळाले. २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या विदर्भात कुणीतरी अवाढव्य प्राणी गवत खात होता. तेव्हा विस्तीर्ण माळ होते असा याचा अर्थ नाही, गवत होतं एवढाच. मोकळे माळ नंतर आले. उष्ण, कोरड्या हवेत पाणी काटकसरीनं वापरणारी, मारवेल-कुसळीच्या पद्धतीनं अन्न बनवणारी गवतं हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वी पसरली. तिथल्या प्राचीन मातीतल्या कार्बनमध्ये ती खूण अजून आहे. तेव्हा कुऱ्हाड नव्हती, नांगर नव्हता, मेंढपाळही नव्हता.

अलीकडचा पुरावा तर आपल्या भाषेतच आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुनं मराठी साहित्य, चरित्रं, धनगरांच्या ओव्या, देवस्थानांच्या कथा तपासल्या आणि त्यांत आलेली झाडंझुडपं, रानांची वर्णनं वेचली. २०२५ मध्ये त्यांचा निबंध आला. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या कथांत पश्चिम महाराष्ट्राचा हा कोरडा पट्टा तरवडाचा, हिवराचा, बोरी-बाभळीचा आणि गवताचा आहे, म्हणजे आजही जी झाडं मोकळ्या माळाची ओळख मानली जातात त्यांचाच. ज्या माणसानं ओवी गायली त्याला वनस्पतिशास्त्र सिद्ध करायचं नव्हतं. देव कुठल्या झुडपाखाली थांबला एवढंच सांगायचं होतं, आणि ते झुडूप तो रोज पाहत होता.

हे पचायला वेळ द्या. डोळे मिटले तरी चालतील. तुमच्या समोरच्या मीटरभर जमिनीवर कुणी काही तोडून ती उघडी पाडलेली नसेल. ती पहिल्यापासून अशीच असेल, आणि फार जुनी असेल.

किती जुनी, आणि मोडली तर परत यायला किती काळ लागतो, याचं उत्तर मला सुन्न करतं. नेर्लेकर आणि त्यांचे मार्गदर्शक जोसेफ वेल्डमन यांनी २०२० मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्र ताळा केला. नांगरलेली किंवा खणलेली गवताळ जमीन सोडून दिली की काही वर्षांत पुन्हा हिरवी होते, दुरून माळासारखी दिसते. पण जुन्या माळाइतक्या जाती तिथं परतायला निदान शंभर वर्षं लागतात, पुष्कळदा हजारो. जमिनीखाली कंद घेऊन बसलेली खर्चुडीसारखी रोपं, वर्षानुवर्षं एकाच जागी वाढलेली ठोंबं सहजासहजी परत येत नाहीत. पुढं त्यांनी महाराष्ट्रातले माळही पाहिले, न मोडलेले, कधीकाळी नांगरून सोडलेले आणि वरून झाडं लावलेले. नांगरट आणि झाडांची लागवड, दोन्हींनी मूळच्या वनस्पतींचं नुकसान केलेलं आढळलं. कोरड्या भागात तसंच जास्त पावसाच्या भागातही.

नांगराचं आपल्याला समजतं, शेतकऱ्याला पोट आहे. लागवडीचं दुःख वेगळं आहे, कारण ती चांगुलपणानं केली जाते. उतारावर समतल चर खणायचे, मातीचे बांध घालायचे, वर गिरिपुष्प किंवा निलगिरी लावायची, शाळेतली मुलं आणायची, फोटो काढायचे. त्या चराच्या रेषेत कुठलं ठोंब होतं ते कुणी पाहिलेलं नसतं. माळ सरकारी नोंदीत पडीक म्हणून बसलेला असतो, म्हणून तिथं काहीही करणं ही सुधारणाच ठरते. सौर प्रकल्पालाही तीच जमीन आधी दाखवली जाते. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी भारतातल्या निमकोरड्या मोकळ्या परिसंस्थांचा नकाशा केला. किमान तीन लाख चौरस किलोमीटर, देशाच्या भूमीचा जवळजवळ दहावा हिस्सा. त्यातला पाच टक्क्यांहून कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो.

माळढोकाची गोष्ट इथं टाळता येत नाही. १९७९ मध्ये त्याच्यासाठी सोलापूर-नगर भागात ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं आली, शहरं आली, लोकांचे व्यवहार अडले, राग साठला, आणि पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. माळढोक उघड्यावर, बहुतेक वेळा एकच अंडं घालतो आणि धोका लांबूनच हेरतो. झाडांची रांग उभी राहिली की त्याची नजर अडते. विजेच्या तारा तर उडताना त्याला समोर दिसतच नाहीत, कारण त्याचे डोळे बाजूला बघायला घडले आहेत. आता सगळ्या देशात मोकळ्या रानात दीडशेच्या आसपासच उरलेले आहेत. टिटवी, धाविक, चंडोल, खोकड, लांडगा यांची गरजही अशीच मोकळ्या जमिनीची आहे. तुमच्या चौरसाच्या आसपास खड्यांमधे खड्यांच्याच रंगाची ठिपकेदार अंडी दिसली तर उठा आणि लांब जाऊन बसा.

मग माळाला कुंपण घालून सगळ्यांना बाहेर काढायचं का? तेही करून झालं आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ मध्ये म्हशींची चराई एकाएकी बंद केली. त्या पाणथळीत म्हशी खात असलेलं गवत माजलं, पाणी झाकलं गेलं, आणि ज्या पक्ष्यांसाठी बंदी आणली त्यांनाच ते जाचक ठरलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून हे पुढं आलं. ती पाणथळ होती, आपला माळ कोरडा आहे, तिथलं उत्तर इथं जसंच्या तसं लागू होणार नाही. पण चराईचा प्रश्न हो किंवा नाही असा विचारला की उत्तर चुकतं, हे दोन्हीकडं खरं आहे. कुठल्या महिन्यात, किती दिवस, किती तोंडं, आणि मग किती विसावा, एवढं विचारावं लागतं. यातलं बरंचसं धनगराला विचारता येईल. त्याला बैठकीला बोलवावं लागेल. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालक यांचं म्हणून जाहीर केलं आहे, निदान त्या निमित्तानं तरी.

अजून एक बैठक बाकी आहे. याच माळावर जिथं चर खणून झाडं लावली आहेत किंवा पूर्वी नांगर फिरलाय, अशी जागा शोधा. ती फार लांब नसेल. तिथंही पाठमोरं उभं राहून खडा टाका आणि दुसरा चौरस आखा. तेवढाच वेळ बसा, तितकंच सावकाश पाहा. ठोंबं फाकवून बुडाशी काय आहे ते बघा. किती जाती बहुवार्षिक आहेत, किती नुसत्या पावसापुरत्या. उघडी माती किती. मारवेलाचं केसाळ पेर सापडतंय का. दोन्ही याद्या वहीच्या समोरासमोरच्या पानांवर लिहा, वर तारीख आणि गट क्रमांक घाला, चारी खुंट्या तशाच राहू द्या. पुढच्या ज्येष्ठात, पहिल्या पावसाआधी एकदा आणि मग श्रावणात हिरवळीत एकदा पुन्हा या. मधल्या काळात किती कळप येऊन गेले, ते मेंढक्यालाच विचारून लिहा.

गायरानावर झाडं लावायचा किंवा ते कुणाला तरी भाड्यानं द्यायचा ठराव ग्रामसभेत येईल, आज ना उद्या येईलच. तेव्हा ही दोन पानं वाचून दाखवा. मग यंदा कुठला तुकडा दसऱ्यापर्यंत राखायचा, तोवर कुणाची मेंढरं कुठं चरतील, आणि चर खणायचेच असतील तर आधीच मोडलेल्या जमिनीवर खणता येतील का, हे तीन प्रश्न सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.